न्यायाधीशांची निवड आणि नसलेला रोजनामा

तालुक्याच्या कोर्टात दाव्याची तारीख असली की त्या दिवसाचा रोजनामा लिहिला जातो. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, प्रतिवादीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, वादीची हरकत, अर्ज मंजूर, पुढची तारीख अमुक. आमच्या घरच्या वाटपाच्या दाव्यात वडील नकलेचा अर्ज करून हा रोजनामा काढून आणायचे आणि रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून सावकाश वाचायचे. निकाल लागलेला नसायचा. पण आज काय झालं, कुणामुळे तारीख पडली, हे कागदावर असायचं. वर्षानुवर्षं खेटे घालूनही वडिलांचा कोर्टावरचा विश्वास उडाला नाही, त्यात या कागदाचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

२५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या पाच सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांची बैठक झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विपुल पांचोली, या दोघांना सर्वोच्च न्यायालयात घ्यावं अशी शिफारस या बैठकीत ठरली. संकेतस्थळावर निवेदन आलं ते एवढंच: अमुक तारखेला बैठक झाली, अमुक दोघांची शिफारस केली. पुढच्या एकदोन दिवसांत वर्तमानपत्रांत बातमी आली की न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी पांचोलींच्या नावाला लेखी विरोध नोंदवला होता. विरोध कशासाठी आणि बाकीच्या चौघांनी त्याला काय उत्तर दिलं, याचा एक शब्दही अधिकृतपणे बाहेर आला नाही. २९ ऑगस्टला दोघांचा शपथविधी झाला.

न्यायमूर्ती पांचोली लायक आहेत की नाहीत, हा माझा विषय नाही आणि ते ठरवायला माझ्याकडे काही साधनही नाही. माझा प्रश्न रोजनाम्याचा आहे. तालुक्याच्या कोर्टात साधी तारीख पडली तरी तिचं कारण लिहून ठेवावं लागतं. मग देशाचे न्यायाधीश ठरवणाऱ्या बैठकीची कारणं लिहून लोकांपुढे का ठेवली जात नाहीत?

न्यायाधीश होतात तरी कसे?

खालच्या पायरीवरची निवड बरीच सरळ आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाची परीक्षा महाराष्ट्रात लोकसेवा आयोग घेतो. जाहिरात येते, अभ्यासक्रम छापलेला असतो, लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, गुणांची यादी लागते. नापास झालेल्यालाही आपण किती गुणांनी राहिलो ते कळतं.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात यातलं काहीच नाही. जागा निघाल्याची जाहिरात येत नाही, अर्ज करता येत नाही, परीक्षा नसते. आधीच न्यायाधीश असलेली ज्येष्ठ मंडळी वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून नावं हेरतात. या ज्येष्ठांच्या गटाला न्यायवृंद म्हणतात. इंग्रजी बातम्यांतलं कॉलेजियम ते हेच. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश घ्यायचा असेल तर सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालोखालचे चार असे पाच जण बसतात. उच्च न्यायालयासाठी त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश नाव सुचवतात आणि दिल्लीत सरन्यायाधीशांसह तिघे जण ते पारखतात.

आता गंमत बघा, हा न्यायवृंद राज्यघटनेत कुठेच नाही. अनुच्छेद १२४ आणि २१७ मध्ये एवढंच आहे की राष्ट्रपती न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करतील. पुढचा सगळा वाद या 'विचारविनिमय' शब्दातून निघाला.

'विचारून' म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'विचारून' या साध्या शब्दाचे दोन अर्थ होतात. 'ती आईला विचारून सहलीला गेली', म्हणजे आईने हो म्हटलं म्हणून गेली. 'तो भाजीवाल्याला भाव विचारून पुढे गेला', म्हणजे विचारलं, ऐकून घेतलं आणि मनाला येईल ते केलं. राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, सरन्यायाधीशांना विचारतं ते आईसारखं की भाजीवाल्यासारखं?

घटना समितीत हा प्रश्न आला होता. सरन्यायाधीशांची संमतीच बंधनकारक करावी अशी सूचना होती. २४ मे १९४९ च्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, त्यांच्यातही तुमच्याआमच्यासारखे गुणदोष असणार, तेव्हा नकाराचा पूर्ण अधिकार एका माणसाच्या हाती देणं धोक्याचं आहे. आणि सगळं सरकारवर सोपवणंही त्यांना मान्य नव्हतं. म्हणून मधला मार्ग, विचारविनिमय.

पहिली वीसबावीस वर्षं हे निभावलं. मग २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल आला: संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. निकाल सरकारला रुचला नाही. लगेच दुसऱ्या दिवशी न्या. शेलट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्याचा निर्णय जाहीर झाला. डावललेले तिघेही सरकारच्या विरोधात गेलेल्या बहुमतात होते. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. १९७६ च्या जबलपूर खटल्यात पाच न्यायाधीशांपैकी एकट्या एच. आर. खन्नांनी लिहिलं की आणीबाणी असली तरी माणसाचा जगण्याचा हक्क सरकारला काढून घेता येत नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

हा इतिहास सांगितल्याशिवाय न्यायवृंद समजत नाही. न्यायाधीशांनी निवड आपल्याकडे ओढली ती उगाच नव्हे. पोळलेल्या हातांनी ओढली.

ओढायलाही वेळ लागला. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने 'विचारून'चा अर्थ भाजीवाल्यासारखाच लावला, शेवटचा शब्द सरकारचा. ६ ऑक्टोबर १९९३ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो उलटवला: विचारविनिमय म्हणजे संमती. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी मागितलेल्या मतावर उत्तर देताना न्यायालयाने पाच जणांची रचना पक्की केली. म्हणजे डॉ. आंबेडकरांनी जी संमती घटनेत येऊ दिली नव्हती, ती निकालाच्या वाटेने आली. फरक इतकाच की ती एकट्या सरन्यायाधीशांची राहिली नाही.

'मग सरकारलाच निवडू द्या, ते तरी लोकांनी निवडलेलं आहे'

हा आक्षेप मी चहाच्या टपरीवरही ऐकतो आणि वकिलांकडूनही ऐकतो. त्यात तथ्य आहे. जगात न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची अशी रीत फारशी कुठे आढळत नाही. पण आपल्या न्यायालयांत सर्वांत जास्त खटले कुणाचे असतात? सरकारचे. भूसंपादनाचा मोबदला, कर, नोकरीतल्या बढत्या, अटक, जामीन, सगळीकडे एका बाजूला सरकार उभं. दोन गावांचा सामना असताना पंच एका गावाच्या सरपंचाने एकट्याने नेमला, तर दुसरं गाव खेळायला उतरेल का?

यावर तोडगा म्हणून २०१४ मध्ये संसदेने जवळजवळ एकमताने नव्व्याण्णवावी घटनादुरुस्ती केली आणि राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सहा सदस्य: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन मान्यवर नागरिक. कोणत्याही दोघांनी नकार दिला तर नाव बाद. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी आयोग रद्द केला. तीन न्यायाधीश ठाम असले तरी बाकीच्या तिघांपैकी दोघे नाव पाडू शकतात, तेव्हा न्यायपालिकेचं स्वातंत्र्य उरत नाही, हा मुख्य मुद्दा. मला तो पटतो. 'मान्यवर' कोण, याची कायद्यात कुठलीच कसोटी नव्हती.

पण त्याच निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्या न्या. कुरियन जोसेफ यांनीही सध्याच्या पद्धतीत पारदर्शकता आणि उत्तरदायित्व कमी असल्याचं मान्य केलं. विरोधी मत देणारे न्या. चेलमेश्वर पुढच्याच वर्षी न्यायवृंदाचे सदस्य होते, आणि बैठकीची नोंद ठेवली जात नाही म्हणून त्यांनी बैठकांना जाणं थांबवलं. आयोग गेला, आणि न्यायवृंद होता तसा राहिला.

फाईल कुठे अडते

न्यायवृंदाने नाव दिलं की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. मुंबईचं एक उदाहरण घेऊ. वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठवलं. अशा नावावर राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांचं मत घेतलं जातं, गुप्तवार्ता विभाग चौकशी करतो, कायदा मंत्रालय टिपण जोडतं, मग फाईल दिल्लीच्या न्यायवृंदापुढे येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे शिफारस झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने नाव फेरविचारासाठी परत पाठवलं. कारण, त्यांनी समाजमाध्यमांवर काही प्रलंबित विषयांबद्दल मतं मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने उत्तर दिलं की मत मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्याने कुणी अपात्र ठरत नाही, आणि नाव पुन्हा पाठवलं. नियमाप्रमाणे न्यायवृंदाने नाव दुसऱ्यांदा पाठवलं की सरकारला नेमावंच लागतं. नेमणूक निघाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिल्या पावलापासून मोजलं तर दोन वर्षांहून जास्त.

दिल्लीचे वकील सौरभ कृपाल यांचं नाव तर २०१७ पासूनचं. न्यायवृंदाने ते जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्यांदा पाठवूनही त्यांची नेमणूक निघाली नाही.

नेमावंच लागतं, पण केव्हापर्यंत, हे घटनेत लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मुदती सांगितल्या होत्या. दुसऱ्यांदा आलेल्या नावासाठी तीन ते चार आठवडे. त्या पाळल्या जात नाहीत आणि न पाळल्याबद्दल कुणाला काही होतही नाही. सरकार नाव नाकारत नाही, फाईल ठेवून देतं. लग्नाच्या बोलणीत 'कळवतो' म्हणून गेलेली मंडळी कळवतच नाहीत, तसं. पाच-पाच वर्षं जमलेली वकिली धोक्यात घालून कोण ताटकळत बसेल? काही जण कंटाळून आपली संमती मागे घेतात, आणि त्यात बहुतेक वेळा चांगली चालणारी वकिली असलेलेच असतात.

म्हणजे इथे दोन बंद खोल्या आहेत. एकीत न्यायाधीश कारण न सांगता निवडतात, दुसरीत सरकार कारण न सांगता अडवतं. आपण पहिलीवर बोलतो, दुसरी विसरतो.

एकदा फाईल उघडली होती

मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट १९८१ ची आहे. एस. पी. गुप्ता खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाचे अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेले, न्यायाधीश एस. एन. कुमार यांना मुदतवाढ का दिली नाही, हा एक प्रश्न होता. दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यातली पत्रं गोपनीय आहेत, दाखवता येणार नाहीत, असं सरकार म्हणत होतं. न्यायालयाने ते फेटाळलं आणि पत्रं उघड करायला लावली. लोकशाहीत कारभार उघड असणं हा नियम आणि गुपित हा अपवाद, अशी त्या निकालाची भूमिका होती. हाच निकाल पुढे माहिती अधिकाराच्या चळवळीला आधार म्हणून वापरला गेला.

आता २०१८ बघू. १२ डिसेंबरला न्यायवृंदाची बैठक झाली. राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि दिल्लीचे राजेंद्र मेनन यांची नावं तिथे चर्चेत होती. मधल्या काळात न्या. मदन लोकूर निवृत्त झाले, न्यायवृंदात नवा सदस्य आला, आणि १० जानेवारी २०१९ ला दोन वेगळीच नावं पुढे आली. ठरावात म्हटलं की काही निर्णय झाले होते, पण आवश्यक विचारविनिमय पुरा झाला नव्हता आणि नंतर जादा माहितीही समोर आली. न्या. नंदराजोग पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. ती जादा माहिती काय होती, हे त्यांच्या निवृत्तीपर्यंतही जाहीर झालं नाही. डिसेंबरच्या बैठकीची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि ९ डिसेंबर २०२२ ला निकाल आला: सह्या होऊन अंतिम ठराव होत नाही तोवर ती नुसती चर्चा, ती देता येणार नाही.

१९८१ मध्ये अधिकार सरकारकडे होता आणि न्यायालयाने फाईल उघडली. अधिकार न्यायालयाकडे आल्यावर फाईल मिटली. यातून मला एक समजलं. निवड कुणी करायची यावर आपण पन्नास वर्षं भांडलो. कारणं कुठे लिहायची आणि कुणाला दाखवायची, यावर भांडलोच नाही, आणि खरं अडलंय ते तिथेच.

मधे एक चांगला काळ आला होता. ऑक्टोबर २०१७ पासून न्यायवृंदाने ठराव संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली आणि थोडक्यात का होईना, कारणंही दिली. दोनेक वर्षांत कारणं आटली, नुसती नावं उरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं असा निकालही झाला. वाट उघडते आणि पुन्हा बुजते, असं चालू आहे.

'सगळं उघड केलं तर चांगल्या माणसांची बदनामी होईल'

हा आक्षेप मी हलका मानत नाही. एखाद्या वकिलाबद्दल कुणी खोटी तक्रार केली, ती छापून आली, आणि निवडही झाली नाही, तर त्याचं दुहेरी नुकसान. म्हणून प्रत्येक तक्रार चव्हाट्यावर मांडा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही.

पण खासगी माहिती आणि कारण यांत फरक करता येतो. आपल्या कोर्टांच्या निकालपत्रात मुद्दे असतात, निष्कर्ष असतात, आणि त्याखाली कारणमीमांसा असते. पोक्सोच्या खटल्यात पीडितेचं नाव झाकून ठेवतात, कारणमीमांसा झाकत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने स्वतःच सुंदरेसन आणि कृपाल यांच्याविषयीचे सरकारचे आक्षेप आणि त्यावरची आपली उत्तरं जाहीर केली होती. कायदामंत्र्यांनी गुप्तचर यंत्रणेचे तपशील बाहेर आल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. पण त्या काही पानांमुळे देशाला कळलं की अडवण्याची कारणं कोणत्या दर्जाची असतात. बदनामी झाली असेलच तर ती उमेदवारांची झाली नाही.

इंग्लंडमध्ये २००६ पासून स्वतंत्र आयोग जागांची जाहिरात देतो, अर्ज मागवतो, पात्रतेच्या कसोट्या आधी छापतो. दक्षिण आफ्रिकेत उमेदवारांच्या मुलाखती जनतेसमोर होतात. दोन्हीकडे चांगली माणसं न्यायाधीश व्हायची थांबलेली नाहीत.

'पण माझ्या दाव्याशी याचा काय संबंध?'

देशातल्या उच्च न्यायालयांत मिळून १,१२२ मंजूर पदं आहेत आणि गेली काही वर्षं तीनशेच्या आगेमागे जागा रिकाम्याच असतात. सगळ्या पायऱ्यांवर मिळून तुंबलेले खटले पाच कोटींच्या वर. १९८७ मध्येच विधि आयोगाने दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं; आपण अजून त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही.

मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४. त्यातूनच मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी चालवायचं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं आंदोलन केलं. सावंतवाडीच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इमारत मिळाली म्हणजे पीठ मिळालं असं होत नाही. दुपारी पावणेपाचला वकील बाहेर येऊन 'बोर्ड रीच झाला नाही, आज आपलं मॅटर निघत नाही' असं सांगतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा न निघालेली एखादी नेमणूक असते.

आणि प्रश्न आकड्यांपुरता नाही. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त न्यायाधीश खुल्या प्रवर्गातले आहेत, ही माहिती खुद्द कायदा मंत्रालयाने संसदेत दिली आहे. ओळखीतून नावं हेरली जातात तिथे ओळखीच्या वर्तुळातलीच माणसं जास्त दिसणार. परभणीच्या एखाद्या हुशार वकील बाईंचं नाव उच्च न्यायालयातल्या त्या तिघांच्या कानावर कुणी घालायचं?

५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा तक्ता संकेतस्थळावर टाकला. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांच्या निवासस्थानी आग लागल्यानंतर तिथे नोटा सापडल्याचं प्रकरण गाजलं होतं. त्यानंतर न्यायाधीशांची मालमत्ता जाहीर करायचं ठरलं आणि त्याच सुमारास हा तक्ताही आला. ९ नोव्हेंबर २०२२ पासूनच्या उच्च न्यायालयांतल्या नेमणुका त्यात आहेत. नाव, कोणतं उच्च न्यायालय, वकिलीतून आले की न्यायिक सेवेतून, शिफारस कधी झाली, अधिसूचना कधी निघाली, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्य की महिला, आणि कुणा आजी-माजी न्यायाधीशाचे नातेवाईक आहेत का, असे रकाने आहेत. नातेवाइकांचा रकाना स्वतःहून छापणं सोपं नव्हतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मी तो तक्ता शेवटपर्यंत खाली सरकवत वाचला, वडील रोजनामा वाचायचे तसा. शिफारस का केली, याचा रकाना त्यात नाही, आणि मधे महिनोन्‌महिने फाईल कुणाच्या टेबलावर होती, याचाही नाही.